सोमवारचे बिंदू

कार्तिक चौक, उज्जैन
४ ऑक्टोबर

निहू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. आजी म्हणाली, "माधव नगरला पोस्टानं पत्र? पूल ओलांडला की पल्लवीचं घर. नेऊन द्या ना." मी म्हटलं, गुडघे दुखतात. ती म्हणाली, "काल भाजीला दोन चकरा मारल्यात, तेव्हा कुठे गेले होते गुडघे?" तिला सगळं सांगितलेलं नाही, म्हणून गुडघेच सांगितले.

आधी कामाचं. तुझा निळा स्वेटर इथेच राहिला आहे. दिवाळीनंतर सकाळी गारवा पडेल, तुला लगेच सर्दी होते. पल्लवीमावशीकडच्या गच्चीवर अभ्यासाला बसत असशील तर पाठीला वारा लागू देऊ नकोस. साखर मोजायचं मशीन तू टेबलावर ठेवून गेलीस, ते मिळालं. आणि तुझ्या चिठ्ठ्यांचा डबाही इथेच आहे. बोर्डाच्या परीक्षेला तो लागेल तुला.

काल तो उघडला. साबुदाण्याचा जुना डबा, अजून त्याला तोच वास येतो. एक चिठ्ठी काढली तर 'तुलना कीजिए' निघाली. दुसरी 'निष्कर्ष लिखिए'. रोज संध्याकाळी मी चिठ्ठी काढून वाचायचो आणि पेपर तपासणाऱ्याला नेमकं काय हवंय ते तू सांगायचीस. मुलांना सगळं येत असतं, पण विचारलंय काय ते न वाचताच लिहीत सुटतात आणि मार्क घालवतात, असं तुझं म्हणणं. एकदा तू मलाच तुझ्या प्रोजेक्टचा आलेख दाखवून म्हणालीस, "चला आजोबा, वर्णन करा." मी म्हटलं, सोमवारी देवाची कृपा होते म्हणून साखर खाली येते. तू किती हसलीस. "शून्य मार्क. वर्णन म्हणजे जे दिसतंय तेवढंच. सोमवारी कमी, मंगळवारी जास्त, बस्स. का, ते कुणी विचारलंय?"

तर मी वर्णन करतो. त्या शुक्रवारी आपण दोघं तुझ्या शाळेत गेलो. रजनी मॅडमनी मला खुर्ची दिली, तुला उभं ठेवलं. मॅडमनी मला काही विचारलं. मी काही उत्तर दिलं, नेमके शब्द आता आठवत नाहीत. बाहेर आल्यावर तू रिक्षात एकटीच बसलीस. मी मागून दुसरी केली. घरी पोचलो तर तुझी बॅग दारात भरलेली होती.

का, ते कुणी विचारलेलं नाही.

पल्लवी म्हणते, मॅडमनी नवीन प्रोजेक्ट नोव्हेंबर संपायच्या आत मागितला आहे, नाहीतर प्रॅक्टिकलला प्रोजेक्टचे मार्क शून्य. आणि तू म्हणालीस की नवीन करणारच नाही. असं करू नकोस. बारावीचं वर्ष आहे. माझ्यावरचा राग पेपरावर काढू नये.

आजोबा


कार्तिक चौक
१२ ऑक्टोबर

निहू,

पत्र पोचलं, तू वाचलंस आणि एका पुस्तकात ठेवलंस, इतकं पल्लवीनं फोनवर सांगितलं. कोणत्या पुस्तकात, ते मी विचारलं नाही.

मागच्या पत्रात मी चलाखी केली. तू शिकवलेलंच तुझ्यावर उलटवलं. 'वर्णन कीजिए' म्हटलं की का ते सांगावं लागत नाही, म्हणून मला ती चिठ्ठी आवडली. आज दुसरी घेतो. 'कारण बताइए.'

पण सुरुवात कुठून करू? श्रावणापासून करतो.

गावाचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. गावात राहायचं तर गावाचे सोमवार सोडायचे नाहीत आणि मराठी घर म्हणून आपलेही सोडायचे नाहीत, हे माझ्या आईपासून चालत आलेलं. महाकालाच्या पालखीची सवारीसुद्धा दोन्ही श्रावण धरून निघते, मग मी कोण सोडणारा. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले होते. घरात सगळे ओरडले. तू एकटी म्हणालीस, "आजोबा ऐकणार नाहीत. निदान नोंद तरी ठेवू." त्यातून तुझा प्रोजेक्ट निघाला. श्रावणातले उपास आणि रक्तातली साखर. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर साखर. तू दुपारी शाळेत असायचीस, म्हणून जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं आणि आकडा कागदावर लिहायचा हे माझं काम. संध्याकाळी तू त्याचा बिंदू काढायचीस. मला तू 'निरीक्षक' म्हणायचीस. दुकानात चादरींच्या घड्या उलगडण्यात आणि परत घालण्यात माझं आयुष्य गेलं, मला कुणी निरीक्षक म्हटलं नव्हतं.

पहिला सोमवार. आजीची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू, वर केळ्याचं शिकरण. दोन तासांनी मशीननं तीनशेच्या वरचा आकडा दाखवला. मला वाटलं, बोटाला शिकरण लागलं असेल. हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. आकडा तसाच, उलट थोडा वर. मी हबकलो. रोज दोन वेळा पोळी खाऊन इतकी होत नाही, आणि देवाचा उपास करून होते? मला वाटलं, मशीन बिघडलं.

हेही खरं नाही. मशीन बिघडलं असं वाटलं असतं तर मी तुला दाखवलं असतं. मला वाटलं, हा आकडा तुझ्या बाबाला, चिन्मयला, कळला तर तो सतन्याहून फोन करून आजीला बोलेल. डॉक्टर इन्सुलिन लावतील. माझे सोमवार जातील, आणि मग म्हातारपणी माझ्या हातात ठरवण्यासारखं राहतंच काय? कागदावर मी एकशे दहा लिहिलं.

त्यानंतरच्या कुठल्याच सोमवारी बोट टोचलं नाही. एकशे चौदा, एकशे आठ, असं काहीतरी लिहायचो. दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून पटेल असा भाव सांगायची सवय होती, तसा पटेल असा आकडा लिहायचो. बाकीच्या दिवसांचे आकडे खरे आहेत. हे सांगून काय फायदा, पण खरे आहेत.

तुझा आलेख फार सुंदर झाला होता. दर सोमवारी रेघ खाली उतरायची, कंगव्याच्या दातांसारखी. तू तो भिंतीला लावून म्हणालीस, "आजोबा, बघा ना, किती स्वच्छ आलाय." मी चहा पीत होतो. मी म्हटलं, वा.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "बेटा, उपवास में खाया क्या था?" तू म्हणालीस, साबुदाना. ते म्हणाले, "साबुदाना खाकर शुगर गिरती है? इतना साफ आलेख मरीज का नहीं होता, घर में बैठकर बनता है." हे तू घरी येऊन आजीला सांगत होतीस. मी आतल्या खोलीत होतो, रेडिओ लावला होता. मी आवाज वाढवला.

मॅडमनी सगळ्या वर्गासमोर तुझा तक्ता उतरवला. म्हणाल्या, निहारिकानं आकडे मनानं घातले. आणि मला बोलावलं.

कारण हे, की मी घाबरलो. पुढचं लिहीत नाही. पान संपलं.

आजोबा


कार्तिक चौक
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

निहू,

पान संपलं नव्हतं. मागची बाजू कोरी होती.

दिवाळीला तू येशील असं वाटून आजीनं अनारसे केले. तुझ्या वाटणीचे वेगळ्या डब्यात काढून ठेवले आहेत. आज पल्लवी फराळ घेऊन आली, तुझ्याविना. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काका, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"तिनं मशीन शाळेत जायच्या आदल्या संध्याकाळीच बघितलं होतं. बटण दाबत दाबत मागे गेली. पहिल्या सोमवारचे दोन आकडे आहेत, पुढच्या एकाही सोमवारचा आकडा नाही."

मला ते मशीन आकडे लक्षात ठेवतं हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग ती बोलली का नाही?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाली, आजोबा स्वतःच सांगतील, म्हणून मी गप्प बसले."

हातातली अर्धी चकली मी ताटात ठेवली.

नेमके शब्द आठवत नाहीत असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आठवतात. मशीन तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होतं, मॅडमनी ते आणायला सांगितलेलं. मॅडमनी विचारलं, "दादाजी, ये रीडिंग आपने ली थी?" तुझा हात त्या कप्प्याच्या चेनवर होता. मी म्हणालो, "मैडम, मैं तो आठवीं पास भी नहीं. मुझे इन चीजों की क्या समझ. जो लिखा, बच्ची ने लिखा."

हिंदीत म्हणालो म्हणून ते काही कमी होत नाही.

आठवीत शाळा सुटली हे मी लोकांपासून लपवत आलो. सुनेला, म्हणजे तुझ्या आईला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. आणि त्या दिवशी तीच गोष्ट मी पुढे केली, अंगावर चादर ओढावी तशी. मॅडमना लगेच पटलं. म्हातारा, अडाणी, तो काय खोटं बोलणार. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता चेन उघडणार. तू हात काढून घेतलास आणि मॅडमना म्हणालीस, "जी मैम."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते सगळ्यात वाईट आहे, म्हणून तेही लिहितो. रिक्षात बसून घरी येताना मला बरं वाटत होतं. तुझी बॅग दारात दिसेपर्यंत.

'तुलना कीजिए' म्हटलं की दोघांचं एकाच ओळीत, समोरासमोर लिहायचं, एकाचीच गोष्ट सांगत बसायचं नाही, हे तू शिकवलंस. लिहून पाहिलं. निहूला खरं माहीत होतं, ती गप्प राहिली. आजोबाला खरं माहीत होतं, तो बोलला.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, ताट उचलून नेईल. तिनं उलट आणखी एक चकली वाढली.

"खा," म्हणाली. "आणि उद्या सकाळी शाळेत जा."

"दिवाळीच्या सुट्ट्या आहेत."

"मग सुट्ट्या संपल्या की जा. कॅलेंडर माझ्याच हाताशी आहे."

त्यानंतर ती माझ्याशी फक्त औषधाच्या वेळेला बोलते.

आजोबा


कार्तिक चौक
११ नोव्हेंबर

निहू,

हे पत्र लांबणार आहे. तुला ताप होता असं कळलं. उतरला असेल तर सावकाश वाच, नसेल तर ठेवून दे.

सुट्ट्या संपल्यावर लगेच गेलो नाही. आधी फ्रीगंजला जाऊन आलेखाचे कागद आणले. दुकानदार म्हणाला, "नातिन के लिए?" मी म्हटलं, "नहीं, मेरे लिए." त्यानं गुंडाळी करून दिली.

तुझा जुना आलेख समोर ठेवून नवीन काढायला बसलो. आजीनं मशीनचं बटण दाबून एकेक आकडा वाचला, मी बिंदू काढला. तो पहिला सोमवार तुझ्या पैमान्यात, अक्षाच्या मापात, मावेना. तू उभा अक्ष जिथं संपवला होतास, त्याच्या कितीतरी वर तो बिंदू जात होता. पहिला कागद फुकट गेला. मग पैमाना बदलला, तर बाकीचे सगळे दिवस खाली दबून बसले आणि तो एकटा वर. आजी म्हणाली, "गच्चीवर एकटा अडकल्यासारखा दिसतोय." आकड्यांखेरीज ती पहिल्यांदा काहीतरी बोलली, म्हणून मी ते लिहितो आहे.

बाकीच्या सोमवारांचं काय करायचं, ते मला माहीत होतं. जे मोजलं नाही ते काढायचं नाही, अंदाजानं जोडायचं नाही, रेघ तिथं तोडायची. तू हे कितीदा सांगितलं होतंस. रविवारच्या बिंदूवर रेघ थांबवायची आणि मंगळवारपासून नवी सुरू करायची. पट्टी उचलावी लागते. मला ते जमेना, हात आपोआप रेघ पुढे नेत होता. दुसरा कागद त्यात गेला. तिसरा जमला.

गुरुवारी शाळेत गेलो. रजनी मॅडमच्या टेबलावर तो कागद ठेवला आणि मशीन ठेवलं. त्यांनी आलेख पाहिला. मशीनचं बटण दाबून तारखा पाहिल्या.

"दादाजी, उस दिन तो आपने कहा था..."

"झूठ कहा था."

त्यांनी चष्मा काढला. "ये आप मुझसे कह रहे हैं. पर कक्षा ने तो मेरी बात सुनी है."

"तो कक्षा में कह देता हूँ."

म्हणताना म्हणून गेलो. जिना कठडा धरून चढलो. निहू, शाळा सुटल्यापासून मी वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. पालक म्हणून चिन्मयच्या वेळीही आजीलाच पाठवायचो. तुमच्या वर्गात पंख्याचा आवाज फार होतो. तू तापामुळे आली नव्हतीस, आणि तुझी रिकामी जागा कोणती ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी मुलांकडे बघितलंच नाही, फळ्याकडे बघत राहिलो.

मॅडमनी आलेख फळ्यावर लावला आणि म्हणाल्या, "वर्णन कीजिए."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मैम, पहला सोमवार सबसे ऊपर है. उसके बाद के सोमवारों पर कोई बिंदु नहीं है. वहाँ रेखा टूटी हुई है."

"ठीक. कारण बताइए."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. मी म्हटलं, "कारण मैं बताता हूँ."

मग सांगितलं. बोट टोचलं नाही, आकडे मनानं लिहिले, निहारिकाला माहीत नव्हतं. तिला कळलं तेव्हाही तिनं माझी इज्जत ठेवली, आणि मी तिची ठेवली नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "दादाजी, साबुदाने में स्टार्च होता है, शुगर तो बढ़ेगी ही." सगळे हसले. मीही हसलो. इतकं सोपं होतं ते. तुला विचारलं असतं तर पहिल्याच सोमवारी कळलं असतं, आणि तुझा आलेख कंगव्याच्या उलट्या दातांसारखा, पण खरा झाला असता.

मॅडमनी वर्गाला सांगितलं की त्यांचं चुकलं, त्यांनी आधी मशीन पाहायला हवं होतं. तुला त्या स्वतः सांगणार आहेत. प्रदर्शन होऊन गेलं, ते काही परत येत नाही. पण प्रोजेक्टसाठी नवा विषय नको म्हणाल्या. हाच आलेख, तुटलेल्या रेघांसकट, चालेल. निष्कर्ष मात्र तुला लिहावा लागेल. पहिल्या सोमवारबद्दल काय म्हणता येतं, आणि बाकीच्या सोमवारांबद्दल काय म्हणता येत नाही, दोन्ही. महिना संपायच्या आत.

आलेख सोबत आहे. खाली उजव्या कोपऱ्यात 'निरीक्षक' लिहून माझं पूर्ण नाव घातलं आहे, दत्तात्रय आठल्ये. रेघा थोड्या जाड आल्या आहेत. निष्कर्षाची जागा कोरी सोडली आहे. त्यात आकडे कुणी खोटे लिहिले ते लिहावं लागेल, तेव्हा माझं नाव घाल. नातं लिहायचं की नाही, ते तू ठरव.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी वाढवली आहे, इन्सुलिन अजून नाही. कार्तिकी एकादशीला पोळी आणि दोडक्याची भाजी खाल्ली. दोन तासांनी आजीनं आकडा मोठ्यानं वाचला आणि मी लिहिला. बरा होता. काल सोमवार, कालचाही लिहिला आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पूल चालत ओलांडून येतो आहे. स्वेटर, चिठ्ठ्यांचा डबा, अनारसे, सगळं पल्लवीच्या हातात देईन. अनारसे मऊ पडले असतील, तरी खा. तू घरात असलीस तरी मी वर येणार नाही, खाली चपला काढायच्या आधीच परत फिरेन.

मशीनही पाठवतो आहे. ते आता तुझ्याजवळ असू दे. मी दवाखान्यात जाऊन तपासून घेईन, तिथली बाई आकडा लिहून देते. निष्कर्ष लिहायच्या आधी तुला माझा प्रत्येक बिंदू मशीनशी ताडून बघावा लागेल, आणि तो बघावाच. मी सांगतो म्हणून कुठलाही खरा धरू नकोस.

ते त्याच्या काळ्या पिशवीत घातलं आहे. पिशवीची चेन उघडी ठेवली आहे.

आजोबा